पोळी द्यावी, उत्तर देऊ नये

माणसाला आयुष्यात दोनदा पहिलीत बसावं लागतं. एकदा स्वतःसाठी आणि एकदा नातवंडांसाठी. मधे एकदा आपली मुलंही पहिलीतून जातात असं म्हणतात. पण ते आपण बायकोकडून ऐकतो, कारण त्या वेळी आपण ऑफिसात असतो. मी 34 वर्षं बँकेत होतो. माझा मुलगा पहिलीत कधी गेला आणि दुसरीत कधी आला, हे मला जुन्या हिशेबाच्या वहीवरून सांगता येईल, आठवणीवरून नाही. या पापाचं प्रायश्चित्त म्हणून गेल्या वर्षी नातीला शाळेत पोचवण्याचं आणि परत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. सून म्हणाली, "बाबा, तेवढंच तुमचं चालणंही होईल." निवृत्त माणसाला कुठलंही काम सांगताना ते त्याच्याच तब्येतीच्या हिताचं आहे असं सांगायचं असतं. दळण आणणं, दूध आणणं आणि नात आणणं या तिन्ही गोष्टी माझ्या गुडघ्यांना फार चांगल्या आहेत, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे.

पहिलीच्या वर्षात मूल काय शिकतं, याची एक अधिकृत यादी असते. अक्षरं, शंभरपर्यंतचे अंक, साधी बेरीज-वजाबाकी आणि बाराखडी. जी आता 'अ‍ॅ' आणि 'ऑ' धरून चौदाखडी झाली आहे. महागाई कुणाला चुकली आहे? पण शाळेच्या फाटकाशी रोज वीस मिनिटं उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की खरा अभ्यासक्रम निराळाच आहे. पाणी पिऊन येते म्हणून गेल्यावर जास्तीत जास्त किती वेळ बाहेर राहता येतं. अर्ध्या खोडरबरात पूर्ण मैत्री कशी मिळते. 'बाई, हा बघा ना' हे वाक्य आठवड्यातून किती वेळा म्हटलं तर चालतं आणि कितव्यांदा आपणच ओरडा खातो. हे सगळं पोर दिवाळीच्या आत शिकतं. पुस्तकातल्या गोष्टींची परीक्षा होते, या गोष्टींची होत नाही. म्हणून त्या जन्मभर लक्षात राहतात.

आमची सई दिवाळीनंतर एके दिवशी फाटकातून बाहेर आली ती तोंड एवढंसं करून.

"काय झालं गं?"

"बाईंनी मला उभं केलं."

"का?"

"मी रेणुकाला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सत्तावन्न."

आता सत्तावन्न हा काही अपशब्द नव्हे. चौकशीअंती कळलं ते असं. त्या दिवशी अंकांची चाचणी होती. बाई अंक सांगत होत्या आणि मुलं लिहीत होती. बाई 'सत्तावन्न' म्हणाल्या. शेजारच्या रेणुकानं 75 लिहिले. सईनं ते पाहिलं आणि तिच्या कानात सांगितलं, "पाच आधी, सात नंतर." बाईंनी ते ऐकलं आणि आमचं कन्यारत्न उभं राहिलं.

मी आजोबाच्या अधिकारानं म्हणालो, "बरोबरच आहे. चाचणीत सांगायचं नसतं."

"का?"

"कारण बाईंनी सांगितलंय ना, सांगायचं नाही म्हणून."

"पण का?"

या 'पण का'ला मी बँकेत कधी तोंड दिलं नव्हतं. तिथे वरून परिपत्रक आलं की विषय संपायचा. मी म्हटलं, "ज्याचं त्यानं करावं."

सई रस्त्यातच थांबली. "आबा, डब्यातली पोळी आई करते. मी काहीच करत नाही. ती मी रेणुकाला दिली की तुम्ही सगळे मला शहाणी म्हणता. उत्तर तर मी स्वतः केलेलं होतं. मग ते का नाही द्यायचं?"

"अगं, तिला ते आयतं मिळतं."

"पोळीपण आयतीच मिळते."

"हो, पण..."

"आणि पोळी दिली की माझी कमी होते. उत्तर दिलं तरी माझं तेवढंच राहतं."

मी गप्प झालो. समोर शाळेची भिंत होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं : 'विद्या दिल्याने वाढते.' सईला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नव्हती, हे नशीब. मी तिचा हात धरून तिला भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं घरी आणलं.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आलं की पोरीचं काही चुकलं नव्हतं. माझीच थकबाकी होती. 34 वर्षांत मी शेजारच्या टेबलाला न विचारता एकही दिवस काम केलेलं नाही. "अहो, हे व्याज कुठल्या खात्यात घालायचं?" असं मी विचारायचो आणि "अहो, ही सही जुळते का बघा," असं तो विचारायचा. शाळेत याला कॉपी म्हणतात, ऑफिसात सहकार्य. शाळेत शेजाऱ्याला न विचारणारा हुशार ठरतो. बँकेत शेजाऱ्याला न विचारणारा पुढेमागे चौकशीला सामोरा जातो. दहा-पंधरा वर्षं मुलाला शेजारी बघू नकोस म्हणून शिकवायचं आणि मग जन्मभर शेजारी बघून जगायला सोडून द्यायचं, याला काय म्हणावं?

आणि शाळेत तरी काय? मी स्वतः शाळेत गेलो तो 1961 साली. 1957 साली देशात दशमान नाणी आली होती आणि आणे-पैंची उचलबांगडी सुरू झाली होती. तरी आमचे गुरुजी पावकी, निमकी, दिडकी घोकून घेत होते. म्हणजे मी जे शिकलो ते मी शिकत असतानाच बाद होत होतं. पुढच्या आयुष्याची ती उत्तम पूर्वतयारी ठरली. दुसरीत असताना शाळा तपासायला दिपोटी आले. शिक्षण खात्यातले डेप्युटी इन्स्पेक्टर. पण गावात सगळे दिपोटीच म्हणत. त्यांनी नेमकं मलाच उठवलं आणि विचारलं, "सात नवे?" माझ्या डोक्यात अंधार. तेवढ्यात दिपोटींच्या पाठीमागे उभे असलेले गुरुजी, जे आम्हांला एरवी शेजाऱ्याच्या पाटीकडे नजर गेली तरी छडी मारत, त्यांनी हळूच आधी सहा बोटं दाखवली आणि मग तीन. आधी सहा, मग तीन. मी मोठ्या आत्मविश्वासानं ओरडलो, "छत्तीस!"

त्या दिवसापासून माझा आणि गुरुजींचा छत्तीसचा आकडा झाला.

यात माझा दोष थोडा आणि आपल्या मराठीचा फार. आपण 57 लिहिताना पाच आधी लिहितो आणि बोलताना सात आधी बोलतो. एकोणपन्नासची तर आणखी मजा : तोंडात पन्नास आणि कागदावर चार. जर्मन लोकही सात आणि पन्नास असंच म्हणतात, एवढंच समाधान. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! थट्टा विधानसभेपर्यंत पोचली. मंगला नारळीकर या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात, असं त्या परोपरीनं सांगत होत्या. थट्टा करणाऱ्यांत आमचा बागेतला कट्टाही होता, आणि कट्ट्यात मीही होतो. 'छत्तीस' मी तेव्हा सोयीस्कर विसरलो होतो.

त्याच कट्ट्यावर मी दुसऱ्या दिवशी सईचा प्रश्न मांडला. आमच्यात अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. कुठलाही प्रश्न निघाला की कुणीतरी परदेशी विद्वानानं तो आधीच सोडवलेला असतो, असा त्यांचा अनुभव आहे. ते म्हणाले, "ज्याँ पियाजे. 1932 सालचं पुस्तक. त्यानं स्वित्झर्लंडमधल्या मुलांना हेच विचारलं होतं : शेजाऱ्याचं बघून का लिहू नये? लहान मुलं म्हणाली, कारण शिक्षा होते, कारण तशी मनाई आहे. मोठी मुलं म्हणाली, कारण तो इतरांवर अन्याय होतो."

मी हिशेब केला. 'बाईंनी सांगितलंय म्हणून' असं म्हणणारा मी लहान मुलांच्या गटात बसत होतो.

"आणि पियाजे स्वतः काय म्हणतो?"

"तो शाळेलाही दोष देतो. मुलांना एकमेकांपासून तोडून एकेकट्यानं काम करायला लावायचं आणि मग ती चोरून विचारतात म्हणून रागवायचं, हे बरोबर नाही, असा त्याचा रोख आहे."

हे वाचायला ठीक होतं. पण साडेबाराला फाटकाशी उभं राहून सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. मला उत्तर सुचलं ते घरी, औषधाच्या कपाटापाशी. मी सईला थर्मामीटर दाखवला.

"हे बघ. रेणुकाला ताप आलाय. डॉक्टरांनी तिला थर्मामीटर दिला. तुला तिची दया आली आणि तो तू तुझ्या काखेत धरलास. काय होईल?"

"ताप नाही असं दिसेल."

"मग?"

"मग तिला औषध नाही मिळणार."

"चाचणी म्हणजे थर्मामीटर. कुणाला काय येत नाही ते बाईंना कळावं म्हणून. तू उत्तर सांगितलंस की बाईंना वाटणार, हिला येतंय. मग त्या तिला शिकवणार कशा?"

मला स्वतःचा फार अभिमान वाटला. इतक्या मोठ्या नैतिक प्रश्नाचा निकाल मी साध्या उपकरणानं लावला होता. सई थर्मामीटर उलटासुलटा करून बघत होती. म्हणाली, "आबा, पण ज्याला ताप नाही त्याला डॉक्टर स्टार देतात का?"

"नाही. का?"

"बाई देतात."

तिच्या वहीवर खरंच चांदणीचे तीन चकचकीत स्टिकर होते. मी थर्मामीटर कपाटात ठेवून दिला आणि तिला गूळशेंगदाणे दिले. मोठ्यांच्या शिक्षणशास्त्रात ही पद्धत फार जुनी आहे.

माझा दृष्टांत तिनं मात्र पूर्ण मनावर घेतला. दोन दिवसांनी पुन्हा अंक झाले. रेणुकानं या वेळी सईच्या वहीत डोकावून बरोबर लिहिलं. आमची सई ताडकन उभी राहिली आणि भर वर्गात म्हणाली, "बाई, रेणुकाला सत्तावन्न येत नाही. माझं बघून लिहिलंय." तिच्या मते ती डॉक्टरांना ताप कळवत होती. वर्गाच्या मते ती चहाडी करत होती. वर्ग हसला. रेणुका रडली. मधल्या सुट्टीत ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्या दिवशी सईचा डबा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सून पोळ्या बाहेर काढता काढता म्हणाली, "ही जेवत का नाही?" सई म्हणाली, "रेणुका घेत नाही." आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. उत्तर देऊ नये हे शिकवायला गेलो आणि पोरीची पोळीसुद्धा परत आली.

चौथ्या दिवशी मी बाईंना भेटायला थांबलो. वर्गात 38 मुलं. बाईंच्या साडीला खडूची पांढरी किनार. मी थर्मामीटरची कबुली दिली. बाई हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, मला ते कळायला हवंच होतं हो. पण असं सगळ्यांसमोर नको होतं. आणि खरं सांगू का, चूक माझीही. रेणुकाच्या घरी कानडी. आईवडील यादगीरकडचे, बांधकामावर आहेत. मी परवा तिच्या आईला थांबवून घेतलं आणि म्हटलं, तुम्ही तुमच्या भाषेत अंक सांगा. आई म्हणाली 'ऐवत्तेळु', आणि पोरीनं पटकन 57 लिहिले. कानडीत पन्नास आधी आणि सात नंतर म्हणतात. तिला अंक येत होते. आमचे शब्द येत नव्हते."

मी मनातल्या मनात दिपोटींपुढे पुन्हा एकदा 'छत्तीस' म्हणालो.

घरी येताना डोक्यात एक हिशेब चालू होता, तो काही केल्या जुळेना. रेणुकाला पोळी द्यायची सई. उत्तर द्यायची सई. ताप कळवायची तोही सईनंच. रेणुकाकडून आमच्याकडे कधी काय आलं होतं? सईला विचारलं, "रेणुका डब्यात काय आणते?"

"ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी."

"तू खातेस?"

"आजी म्हणाली होती, आपण द्यावं, कुणाचं घेऊ नये. आणि आई म्हणाली, ते तिखट असतं."

आमच्यासारख्या घरांचा हा पिढीजात बाणा. आपण द्यावं, घेऊ नये. यात केवढं औदार्य आहे असं मला जन्मभर वाटत आलं होतं. देणाऱ्यानं नुसतं देतच राहावं आणि घेणाऱ्यानं घेतच राहावं, यात घेणाऱ्याला काय वाटत असेल, हा विषय आमच्या चौदाखडीत नव्हता. पोळी आणि उत्तर यांत फरक काय, हा प्रश्न मी इतके दिवस देणाऱ्याच्या बाजूनं सोडवत होतो. खरी गंमत दुसऱ्या बाजूला होती. रेणुकाला पोळीही चालली होती आणि उत्तरही चाललं होतं; आपल्याला काहीच येत नाही आणि आपल्याकडे काहीच नाही, असं 38 जणांसमोर ठरणं तेवढं चाललं नव्हतं. ते मला तरी कुठं चाललं असतं?

मी सईला म्हटलं, "उद्या तिला विचार, कानडीत एक, दोन, तीन कसं म्हणतात. आणि तिनं डब्यातलं दिलं तर खा."

"आजी?"

"आजीला मी बघतो." (हे वाक्य मी बाहेर बोललो. घरात मी असली वाक्यं बोलत नाही.)

दुसऱ्या दिवशी सई फाटकातून आली ती ओठ लाल करून, तोंडानं हवा आत ओढत. "आबा, पाणी! ओंदु, एरडु, मूरु!" शेंगांची चटणी चांगलीच लागली होती. मागून रेणुका आली. सई 'मूरु'च्या पुढे चुकली की ती पोट धरून हसायची आणि बाईंच्या थाटात बोट उगारून म्हणायची, "नाल्कु! परत सांग." एवढ्या दिवसांत मी त्या मुलीला पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताना ऐकलं. डबा दोघींचाही रिकामा होता.

वर्षाखेरीला प्रगतिपत्रक आलं. आता पूर्वीसारखे पास-नापास नसतं. श्रेणी असते आणि शिवाय वर्णनात्मक नोंदी असतात. सईच्या पत्रकात 'विशेष प्रगती' या रकान्यात लिहिलं होतं : 'वर्गमैत्रिणींना मदत करते.' त्याच्याच खाली 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात होतं : 'चाचणीच्या वेळी शेजारी बोलते.' बँकेत एकच रक्कम जमेलाही आणि नावेलाही आली असती, तर मी दिवसभर ताळेबंद जुळवत बसलो असतो. इथे मात्र खाली मुख्याध्यापकांची सही होती.

सईनं बोट ठेवून दोन्ही नोंदी वाचल्या. जोडाक्षरं आता येतात. यापुढे त्या भिंतीवरून जाताना मला जपून जावं लागणार. म्हणाली, "आबा, हे दोन्ही एकच आहे ना? मग मी चांगली की वाईट?"

या प्रश्नावर विद्वानांनी ग्रंथ लिहिलेत, कट्ट्यावर त्यांची नावंही मिळतील. मला एवढंच सांगता येत होतं, की त्या दिवशी कानात 'पाच आधी' म्हणण्याऐवजी ते मधल्या सुट्टीत म्हटलं असतं, तर बाईंचंही काम झालं असतं आणि रेणुकाचंही. आणि मधल्या सुट्टीत म्हणण्यासाठी आधी एका डब्यात जेवावं लागतं. पण हे सगळं मला कळायला सबंध वर्ष लागलं होतं, आणि ते तिनं माझ्या आधीच करून टाकलं होतं. रेणुका दुसरीत असेल की नाही, ते आता शाळेच्या हातात नाही. तिच्या वडिलांच्या इमारतीचं काम कधी संपतं त्यावर आहे. सई मात्र अठ्ठावीसपर्यंत कानडीत मोजते, आणि तिथे अडकली की म्हणते, "पुढचं उद्या रेणुका सांगेल."

"सांगा ना आबा. चांगली की वाईट?"

मला उत्तर येईना. जुन्या सवयीनं माझी नजर आपोआप शेजारी गेली. शेजारच्या खुर्चीवर बायको गवार मोडत बसली होती. तिनं मान वर न करताच म्हटलं,

"इकडे काय बघताय? ज्याचं त्यानं करावं."